एसीत सारखा गॅस भरावा लागतोय? आधी गळती शोधा

दुरुस्ती होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच एसी पुन्हा कोमट हवा फेकतोय? फिल्टर धुतलाय आणि रिमोट 'कूल'वर आहे, हे मी धरून चालते.

मेन स्विच बंद करून बाहेरच्या युनिटवरची धूळ पाण्यानं धुवा. जोराचा फवारा नको, फिन्स म्हणजे त्यावरच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या झोपतात.

आता सुरू करून ऐका. बाहेरचा पंखा फिरतोय, पण कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबणारा पंप, नुसता गुरगुरून बंद पडतोय, तर बहुधा कपॅसिटर (त्याला सुरू व्हायला धक्का देणारा भाग) गेलाय किंवा व्होल्टेज पडलंय. आमच्या बडोद्याच्या दांडियाबाजारात मे महिन्याच्या दुपारी शेजारीपाजारी सगळ्यांचे एसी एकदम लागले की स्टॅबिलायझरचा आकडा बघवत नाही. कपॅसिटरला स्वतः हात लावू नका, वीज बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो.

दोन्ही चालू आहेत, तरी गारवा नाही? पंधरा मिनिटांनी बाहेरच्या दोन नळ्या बघा. जाड नळी गार, घामेजलेली हवी. ती कोरडी आणि बारीक नळीवर बर्फ, म्हणजे बहुतेक वेळा गॅस कमी.

इथेच सगळे फसतात, मीही फसले. मिस्त्री येऊन गुजरातीत विचारतो, "बेन, गेस ओछो छे, भरी दऊं?" म्हणजे गॅस कमी आहे, भरून देऊ? एका उन्हाळ्यात तीनदा हो म्हटलं, तीनदा पैसे मोजले. अहो, एसीतला गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तो गोल गोल फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळालाय. दर वर्षी थोडा भरावाच लागतो असं सांगणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

चौथ्या वेळी आलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं गॅसच्या बाटलीला हातच लावला नाही. आधी टॉर्च घेऊन तेलाचे डाग शोधले. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं, त्यावर धूळ बसून काळा चिकट ठिपका होतो. मग उरलेला गॅस काढून घेऊन नळ्यांत साधारण ३०० पीएसआय दाबानं नायट्रोजन भरला आणि प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावला. आतल्या युनिटमागे, फोमच्या आवरणाखाली, फ्लेअर नटशी (नळीचं पसरवलेलं तोंड, म्हणजे फ्लेअर, जोडणाऱ्या नटशी) मुगाएवढा बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. आधीच्या तिघांनी ते आवरण सोडवलंच नव्हतं.

नट नुसता आवळून भागत नाही. जास्त आवळला तर तांब्याची कड चिरते. नळी कापून फ्लेअर नव्यानं करायला लावा. कॉइललाच, म्हणजे युनिटमधल्या वळणावळणाच्या नळीलाच, भोकं पडली असतील तर एक बुजवून दुसरं उघडतं, कॉइल बदला. आणि नायट्रोजनऐवजी कुणी ऑक्सिजन भरायला निघाला तर हाताला धरून थांबवा. तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो.

नंतर पंपानं किमान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढणं. थोडा गॅस सोडून आतली हवा 'ढकलणं' म्हणजे व्हॅक्यूम नव्हे. ओल आत राहिली की पुढे कॉम्प्रेसर खाते. पंप बंद केल्यावर दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा दहा मिनिटं हलता कामा नये.

गॅस काट्यावर तोलूनच भरायचा. किती ग्रॅम आणि कुठला, ते बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर छापलेलं असतं. आर-३२ हा एसीतला गॅस पेट घेऊ शकतो, त्यामुळे जवळपास विडी-सिगारेट नको.

बिलावर नुसतं 'गॅस फिलिंग' लिहिलं असेल तर पैसे देऊ नका. गळती कुठं होती आणि तिथं काय केलं, ते त्याच्याच हातानं लिहून घ्या.