फ्रान्सच्या गादीवर कादंबरी लिहायची, तर १३१६ पासून सुरुवात करा

फ्रान्सवर राज्य करणाऱ्या कापे घराण्याचं अख्खं शतक एका कादंबरीत कोंबू नका. जून १३१६ ते फेब्रुवारी १३१७ एवढंच घ्या, फार तर शेवटाला १३१८ मधला एक प्रसंग. मी सध्या याच महिन्यांवर लिहितेय आणि कारस्थानासाठी पदरचं काही घालावं लागत नाही.

५ जूनला फ्रान्सचा राजा दहावा लुई व्हँसेनला वारला. मागे राणी क्लेमान्स गरोदर, आणि पहिल्या बायकोची चार वर्षांची मुलगी जान. त्या बायकोला, मार्गरीतला, व्यभिचाराच्या आरोपावरून शातो गायार किल्ल्यात डांबलं होतं. ती तिथेच वारली. साहजिकच पोरीच्या जन्माबद्दल कुजबुज. नोव्हेंबरात क्लेमान्सला मुलगा झाला, पाच दिवसांत गेला. कारभार पाहणाऱ्या फिलिपने, म्हणजे लुईच्या भावाने, ९ जानेवारीला रांसमध्ये, वेशी बंद ठेवून, राज्याभिषेक उरकला. सख्खा धाकटा भाऊ शार्ल त्याच सकाळी शहर सोडून निघून गेला.

आधी वंशावळ कागदावर काढा. पुतणी जान, फिलिपची बायको जान, मुलगीही जान! वाचकाला प्रत्येक जान नात्यावरूनच ओळखू द्या.

बाईला गादीचा वारसा नाकारणारा म्हणून सांगितला जाणारा सॅलिक कायदा मात्र कुणाच्याही तोंडी घालू नका. तो आधार पुढच्या पिढ्यांनी शोधला. इथे आधी मुकुट चढला, मग फेब्रुवारीत पॅरिसच्या सभेने ठरवलं की फ्रान्सच्या गादीवर बाई बसत नाही. हा क्रम उलटा केलात तर कादंबरीत उरतं काय? नियम नव्हता, म्हणून तर सगळ्यांची धावपळ.

तारखा जपा. दरबारी वर्ष ईस्टरला बदलायचं, त्यामुळे जानेवारी १३१७ कागदोपत्री १३१६ मध्येच पडतो. लुई आणि बाळाच्या मृत्यूमागच्या विषप्रयोगाच्या अफवा पात्रांच्या तोंडी ठेवा, निवेदकाच्या नको.

आणि गोष्ट कुणाच्या नजरेतून सांगायची? माझं मत विचाराल तर छोट्या जानच्या आजीच्या, म्हणजे मार्गरीतच्या आईच्या. आन्येस ही संत लुईची (नवव्या लुईची) मुलगी, बर्गंडीची डचेस. नातीच्या हक्कासाठी तिने राज्याभिषेकाला हरकत घेतली. मुलगा ओद, म्हणजे जानचा मामा, तोही भाचीच्या बाजूने उभा राहिला. पण १३१८ मध्ये त्याने फिलिपच्या मुलीशी लग्न केलं आणि भाचीचा दावा सोडला. हे तो आईला कोणत्या शब्दांत सांगतो, तो प्रसंग सगळ्यात आधी लिहून काढा.