लघुउद्योगांचा सल्लागार होताना: फुकटच्या पाहणीविषयी

नोकरी सोडून लघुउद्योगांना उत्पादकतेविषयी सल्ला देण्याच्या व्यवसायात उतरणाऱ्यांना तांत्रिक बाजू नव्याने शिकवावी लागत नाही. फाइव्ह एस (कामाच्या जागेची शिस्तशीर मांडणी), कायझेन (सतत केलेल्या लहानलहान सुधारणा), सायकल टाइमची म्हणजे एका नगाला लागणाऱ्या वेळेची मोजणी या गोष्टी मोठ्या कंपनीत वर्षे काढलेल्या माणसाच्या अंगवळणी पडलेल्या असतात. घोडे पेंड खाते ते आपले ज्ञान कोठपर्यंत दाखवायचे आणि कोठून पुढे विकायचे या प्रश्नावर. पुण्याजवळच्या भोसरी-चाकण औद्योगिक पट्ट्यात काम करताना मला सर्वांत महाग पडलेली गोष्ट हीच असल्यामुळे तिच्यावर मी बाकीच्या मुद्द्यांपेक्षा जास्त लिहिणार आहे.

सुरुवात फोनने होते. "सर, एकदा चक्कर मारून जा, मग बसून बोलू," असे मालक म्हणतात आणि आपल्या हातात फारसे काम नसल्यामुळे आपण दुसऱ्याच दिवशी हजर होतो. एका प्रेस शॉपमध्ये पॉवर प्रेसची डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलायला जवळजवळ दोन तास जात होते आणि ऑपरेटर कामचुकार आहे, अशी मालकांची खात्री होती. प्रेसजवळ उभे राहून पाहिल्यावर दिसले ते असे, की प्रेस बंद केल्यावर तो माणूस पुढची डाय आणायला स्टोअरमध्ये जात होता, क्लॅम्पचे बोल्ट वेगवेगळ्या मापांचे असल्यामुळे पान्यांची शोधाशोध करत होता आणि डायची उंची जुळवण्यासाठी दर वेळी खाली नव्याने पट्ट्या सरकवत होता. पुढची डाय प्रेस चालू असतानाच शेजारी आणून ठेवणे, बोल्ट एकाच मापाचे करणे आणि सर्व डाय कायमच्या पट्ट्या बसवून एकाच उंचीच्या करून टाकणे, एवढाच त्यावरचा उपाय होता. जपानी औद्योगिक अभियंते शिगेओ शिंगो यांनी 1969 मध्ये टोयोटाच्या हजार टनी प्रेसचा चार तासांचा डायबदल तीन मिनिटांच्या आत आणला, तोही मशीन बंद असताना करायची कामे आणि चालू असताना उरकता येणारी कामे वेगळी करूनच.

हे सगळे आकृत्यांसह प्रस्तावात गेले आणि प्रस्ताव मालकांच्या हातून थेट सुपरवायझरच्या टेबलावर गेला. पुढे त्या शॉपमध्ये बोल्ट एकाच मापाचे झाले. मला मात्र फोन आला नाही.

असे मालक लबाड असतात, असे मी म्हणणार नाही, कारण त्यांच्या लेखी प्रस्ताव म्हणजे कोटेशन आणि कोटेशनला कोणी पैसे देत नाही. आपल्या धंद्याचे स्वरूपच असे आहे की उपाय एकदा सांगितला की तो स्वस्त आणि उघड वाटू लागतो. मोल असते ते नेमके बिघडले कोठे आहे हे ओळखण्याला. पाहणी फुकट केली की ते मोलच आपण आधी देऊन बसतो आणि मागे विकण्यासारखे फक्त मनुष्यतास उरतात. शिवाय अशा एका पाहणीत जाण्यायेण्यासह एक दिवस आणि अहवालाच्या दोन रात्री जातात. स्वतःच्या वेळेचे नियोजन करणारी ॲप घेण्यापूर्वी, महिन्यात अशा किती रात्री गेल्या हे डायरीत लिहून पाहावे.

पहिले पंधरा-वीस मिनिटांचे बोलणे विनामूल्य ठेवावे आणि त्यात एका शिफ्टमध्ये किती डायबदल होतात, रिजेक्शन (नाकारला जाणारा सदोष माल) किती आहे आणि खर्चाचा निर्णय कोण घेते, एवढेच विचारावे. त्यानंतरच्या पाहणीला ठरावीक फी लावावी आणि पुढचे काम मिळाल्यास ती त्या बिलातून वजा होईल असे लिहून द्यावे. प्रस्ताव दोन पानांचा पुरतो: नुकसान किती होते आहे, आपण काय मोजणार, काम किती टप्प्यांत होईल आणि पैसे किती. उपाय कसा करायचा, हे त्यात नसावे. फी ऐकून फोन ठेवणारे भेटतील, तेव्हा पोटात गोळा येईल, मला अजूनही येतो. पण फी देऊन बोलावणारे मालकही या पट्ट्यात पुष्कळ आहेत. ते आपल्या सूचना अधिक गांभीर्याने घेतात.

ग्राहक मिळवण्याबाबत माझी मते जरा कडवट आहेत. महिन्याला अमुक लाख मिळवून देण्याची हमी देणारे मार्गदर्शक स्वतः बहुधा तो अभ्यासक्रम विकूनच कमावतात, त्यांच्यावर पैसे घालवू नयेत. त्यापेक्षा 'धातुकाम'सारख्या मराठी मासिकात एखाद्या सोडवलेल्या अडचणीवर, ग्राहकाचे नाव न घेता, आकड्यांसह लिहिलेला लेख अधिक उपयोगी ठरतो, कारण तो शॉप फ्लोअरवरचे लोक वाचतात. मात्र लेखात उपाय खुशाल सांगावा. वाचकाचे मशीन आपण पाहिलेले नसते, त्यामुळे त्यात आपले काही जात नाही. केंद्र सरकारच्या लघुउद्योगांसाठीच्या लीन (उत्पादनातला अपव्यय कमी करण्याच्या) योजनेत, जी 2023 मध्ये नव्या स्वरूपात आली, सल्लागाराच्या फीचा 90 टक्के भार सरकार उचलते, हेही मालकांना आवर्जून सांगावे.

पैशांच्या बाबतीत मात्र भिडस्तपणा अजिबात नको. उद्यम नोंदणी, म्हणजे आपण सूक्ष्म किंवा लघु उद्योग असल्याची सरकारी नोंद, पहिले काम घेण्यापूर्वीच करावी; पोर्टलवर ती विनामूल्य आहे, एजंटला पैसे देऊ नयेत. 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. 2023 च्या वित्त कायद्याने त्यात भर अशी घातली, की ही मुदत उलटलेली रक्कम ग्राहकाला प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून आयकरात दाखवता येत नाही. त्यामुळे मार्चमध्ये ग्राहकाच्या सीएला पाठवलेले नम्र स्मरणपत्र मालकाला केलेल्या दहा फोनपेक्षा लवकर लागू पडते. जीएसटी नोंदणी असल्यास बिल काढले की 18 टक्के कर आपल्याला भरावाच लागतो, मग ग्राहकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. म्हणून करारातच टप्प्यांच्या तारखा घालाव्यात, पहिला टप्पा आगाऊ घ्यावा आणि त्याचे पैसे जमा होईपर्यंत स्टॉपवॉच बाहेर काढू नये.