बँडविड्थचं वाटप शिकताना आधी आलेखाकडे बघा

नेटवर्किंगमध्ये नव्याने आलेली मुलंमुली पहिलं विचारतात ते हेच, की बँडविड्थ, म्हणजे लिंकची डेटा वाहून नेण्याची क्षमता, वाटायला अल्गोरिदम कोणता घ्यायचा? मी त्यांना आधी ट्रॅफिक मोजायला बसवतो.

बहुतेक ठिकाणी लिंकचा आलेख एसएनएमपीवरून (उपकरणांकडून आकडे मागवण्याचा प्रोटोकॉल), दर पाच मिनिटांच्या सरासरीने निघतो. त्यावर वापर ३० टक्के दिसतो आणि तरी माणसं सांगत असतात की कॉल तुटतोय. दोन्ही खरं असतं. १० जीबीपीएसच्या पोर्टवर आलेला ट्रॅफिक १ जीबीपीएसच्या पोर्टमधून बाहेर पडणार असेल, तर एकच मिलिसेकंद तो पूर्ण वेगाने आला तरी सव्वाअकरा लाख बाइट मागे साठतात. स्विचचा बफर, म्हणजे पॅकेट थांबवून ठेवायची जागा, तेवढा नसला की पॅकेट ड्रॉप होतात, आणि पाच मिनिटांच्या सरासरीत त्याचा मागमूस राहत नाही.

थिअरीसाठी एरलांगपासून सुरुवात करा. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या या गणितज्ञाने १९१७ साली, किती लाइन ठेवल्या तर किती कॉल नाकारावे लागतील, याचं सूत्र मांडलं. मग लेलंड आणि सहकाऱ्यांचं १९९० च्या दशकातलं इथरनेटवरचं काम वाचा. डेटाचे चढउतार टेलिफोनसारखे लवकर सपाट होत नाहीत, हे त्यांनी प्रत्यक्ष मोजमापांतून दाखवलं. या दोन्हींमधला फरक नीट समजला की बाकीचं पुष्कळ सोपं जातं.

वाटपाचं गणित हाताने करा. १० एमबीपीएसची लिंक, तिघांची मागणी २, ४ आणि ८. मॅक्स-मिन पद्धतीत कमी मागणाऱ्याला आधी पुरवायचं आणि उरलेलं बाकीच्यांत समान वाटायचं. इथे समान वाटा साडेतीनच्या आत येतो. पहिल्याला २ पुरतात, उरलेले ८ दोघांत वाटले की प्रत्येकी ४. आता मधल्याची मागणी ४ वरून १ वर आणा आणि पुन्हा मांडा. तिसऱ्याला ७ मिळतात. मागणी बदलली की वाटप नव्याने करायचं, ही सगळ्या विषयाची गोम इथेच कळते.

पुढचं लिनक्सवर. दोन नेटवर्क कार्डांचं जुनं मशीन पुरतं. ट्रॅफिक नियंत्रणाच्या टीसी कमांडने एचटीबी, म्हणजे ट्रॅफिकचे क्लास पाडून वाटप करणारी रांग, लावा. त्यात प्रत्येक क्लासला 'रेट' म्हणजे हमीचा वाटा आणि 'सील' म्हणजे वरची मर्यादा देता येते. आवाजाला फार लागत नाही: जी.७११ या आवाजाच्या कोडेकचा एक कॉल आयपी हेडर धरून एका दिशेला ८० केबीपीएस घेतो, म्हणजे पन्नास कॉलना ४ एमबीपीएस. त्याला हवं ते वेळेवर मिळणं. म्हणून त्याला हमी आणि अग्रक्रम द्या, बॅकअपला थोडी हमी आणि मोठं सील. लिंक १०० एमबीपीएसची असेल तर एकूण मर्यादा ९५ च्या आसपास ठेवा. नाहीतर रांग पुरवठादाराच्या उपकरणात साचते आणि तिथे तुमचे नियम चालत नाहीत.

मग आयपर्फ या चाचणीच्या साधनाने लिंक भरा आणि शेजारच्या खिडकीत पिंग, म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ मोजणारी कमांड, चालू ठेवा. एचटीबी लावण्याआधीचे आणि नंतरचे मिलिसेकंद लिहून काढा. मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा हा तक्ता मला जास्त काही सांगतो.

आणि कॉन्फिगरेशनला हात लावण्याआधी बॅकअप सांभाळणाऱ्यांना विचारा, की तो रात्री दोनला हलवता येईल का. पुष्कळदा येतो.