झॅमलमध्ये पहिला फॉर्म बांधण्याआधी

झॅमल (XAML) ही प्रोग्रॅमच्या खिडक्या आणि फॉर्म कसे दिसतील ते लिहायची भाषा. सुरुवातीला कोणत्या घरचं झॅमल शिकायचं ते ठरवा. मायक्रोसॉफ्टने एक्सएमएलच्या धाटणीची ही भाषा २००६ साली, डॉटनेट फ्रेमवर्क ३.० मधल्या डब्ल्यूपीएफसोबत, म्हणजे विंडोजवरचे प्रोग्रॅम बांधायच्या संचासोबत, आणली. पुढे विनयूआय, माउई आणि मायक्रोसॉफ्टबाहेरचं ॲव्हलोनिया या संचांनीही ती उचलली, पण शब्द आपापले ठेवले. मजकूर भरायच्या चौकटीला डब्ल्यूपीएफ टेक्स्टबॉक्स म्हणतं, माउई एंट्री. एकाचा नमुना दुसऱ्यात चिकटवला की टॅग ओळखीचा नसल्याची तक्रार येते आणि नवशिक्याला वाटतं, आपलंच टायपिंग चुकलं. इथली पूर्वतयारी विंडोजवरच्या डब्ल्यूपीएफची आहे. मॅक किंवा लिनक्सवर ते चालत नाही, तिथे ॲव्हलोनिया घ्या. उदाहरणाला सोसायटीच्या देखभाल खर्चाचा फॉर्म धरू: सदनिका क्रमांक, नाव, रक्कम, तारीख, जतन करायचं बटण आणि खाली झालेल्या नोंदींची यादी.

कोड लिहायच्या व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती एकट्याने शिकणाऱ्याला फुकट मिळते. ती बसवताना 'डॉटनेट डेस्कटॉप डेव्हलपमेंट'वर टिक करायला विसरू नका. नवीन प्रोजेक्ट उघडताना डब्ल्यूपीएफचे दोन जवळपास सारख्या नावांचे साचे दिसतील. ज्याच्या नावात 'डॉटनेट फ्रेमवर्क' आहे तो जुना. दुसरा निवडा आणि डॉटनेटची आवृत्ती १० घ्या, कारण आवृत्ती ८ चा आधार नोव्हेंबर २०२६ मध्ये संपतो. प्रोजेक्टचं नावही इथेच पक्कं करा. नंतर नेमस्पेस (कोडच्या गटाचं नाव) बदलली आणि झॅमल फाइलच्या माथ्यावरचं एक्स-क्लास, म्हणजे जोडीच्या क्लासचं नाव, जुनंच राहिलं, तर झॅमल आणि तिच्यामागची सी शार्प भाषेतली कोडची फाइल यांची जोडी तुटते. मग 'इनिशियलाइझ कंपोनंट' सापडत नाही अशी चूक येते, आणि ती चूक दाखवते एकीकडे, दुरुस्ती असते दुसरीकडे.

आता कागदावर खिडकीचे आडवे-उभे पट्टे आखा. डिझाइनरमध्ये माऊसने वस्तू ओढून टाकायचा मोह टाळा. अशा वस्तूंना मार्जिनचे नेमके आकडे चिकटतात, आणि खिडकी मोठी केली की सगळं एका कोपऱ्यात बसून राहतं. ग्रिड, म्हणजे ओळी-स्तंभांची जाळी, हाताने लिहा: लेबलांचा स्तंभ 'ऑटो', चौकटींचा स्तंभ 'तारा' (* हे चिन्ह), वरच्या ओळी 'ऑटो' आणि यादीची ओळ 'तारा'. ऑटो म्हणजे आतल्या मजकुराला लागेल तेवढी जागा, तारा म्हणजे उरलेली सगळी. यादी स्टॅकपॅनेलमध्ये, म्हणजे वस्तू एकापुढे एक रचणाऱ्या डब्यात, कधीही ठेवू नका. उभा स्टॅकपॅनेल आतल्या वस्तूला हवी तेवढी उंची देऊ करतो, त्यामुळे यादी पूर्ण लांबीची होते, खिडकीखाली कापली जाते आणि स्क्रोलबार काही काम करत नाही. शिवाय दिसणाऱ्याच ओळी तयार करण्याची सोयही निकामी होते. काही हजार नोंदी झाल्या की फॉर्म उघडायलाच वेळ लागतो.

सगळ्यात जास्त वेळ बाइंडिंगला, म्हणजे पडद्यावरची चौकट कोडमधल्या प्रॉपर्टीशी जोडायला, राखून ठेवा. प्रॉपर्टीचं नाव एका अक्षराने चुकलं तरी प्रोग्रॅम बंद पडत नाही, फक्त चौकट रिकामी दिसते. म्हणून पहिल्या दिवसापासून व्हिज्युअल स्टुडिओतली आउटपुटची पट्टी उघडी ठेवा. 'सिस्टिम विंडोज डेटा एरर ४०' तिथे दिसली की पाथ, म्हणजे बाइंडिंगमध्ये लिहिलेलं प्रॉपर्टीचं नाव, चुकला म्हणून समजा. बाइंडिंगला सार्वजनिक प्रॉपर्टी लागते. साधा फील्ड ठेवलात तर तो सापडत नाही. प्रॉपर्टीतलं मूल्य कोडमधून बदललं पण पडद्यावर जुनंच राहिलं, तर बदल कळवणारं 'आय नोटिफाय प्रॉपर्टी चेंज्ड' राहून गेलंय. यादीसाठी साधी 'लिस्ट' घेतली तर नवी नोंद दिसत नाही. 'ऑब्झर्व्हेबल कलेक्शन' घ्या. टेक्स्टबॉक्समध्ये लिहिलेलं कर्सर बाहेर गेल्यावरच मागच्या प्रॉपर्टीत पोहोचतं. एंटर दाबून जतन करण्याची सोय दिलीत तर शेवटचा बदल हुकतो, म्हणून 'अपडेट सोर्स ट्रिगर'ला 'प्रॉपर्टी चेंज्ड' द्या.

रक्कम हा तर खरा सापळा आहे. चौकट पूर्ण खोडली की भोवती लाल रेघ येते, पण मागच्या डेसिमल प्रॉपर्टीत आधीचीच रक्कम असते. तपासणी न करता जतन केलंत तर तीच नोंदली जाते. पैशांच्या फॉर्ममध्ये हे खपवून घेण्यासारखं नाही. प्रॉपर्टी रिकामी राहू शकेल अशी नलेबल ठेवा, 'टार्गेट नल व्हॅल्यू'ला रिकामा मजकूर द्या आणि रक्कम नसताना बटण बंद करा.

मराठी फॉर्मसाठी दोन गोष्टी आधीच करून ठेवा. संगणकाची विंडोज भारतीय पद्धतीची असली तरी बाइंडिंग मुळात अमेरिकी इंग्रजी गृहीत धरतं: ५ जून ही तारीख ६/५ दिसते आणि सव्वा लाख १२५,००० असे. खिडकीच्या 'लँग्वेज'मध्ये एम, आर, आडवी रेघ, आय, एन अशी अक्षरं लिहिली की तारखेत दिवस आधी येतो आणि स्वल्पविराम लाखाच्या जागी पडतो. दुसरं, फॉन्ट स्पष्टपणे 'निर्मला यूआय' सांगा, कारण 'सेगो यूआय'मध्ये देवनागरी नाही. चौकटींना ठाम उंची देऊ नका. वेलांट्या वर आणि उकार खाली जागा मागतात. इंग्रजीला पुरलेल्या उंचीत 'मूळ पावती'चा ऊकार कापला जातो. किमान उंची द्या, बाकी ऑटोवर सोडा.

किरकोळ गोष्टी: अँड चिन्ह (&) थेट लिहिलं की एक्सएमएल मोडतं, त्याचं रूपांतरित रूप (&) वापरा. स्टॅटिक रिसोर्स (नाव देऊन ठेवलेला रंग किंवा शैली) वापरण्याआधी वरच्या ओळीत घोषित झालेला हवा. खिडकीच्या आत थेट एकच मूल बसतं, म्हणून सगळ्यांना ग्रिडमध्ये घाला.

झॅमलमधला एक एकक म्हणजे इंचाचा ९६ वा भाग. विंडोजमध्ये पडद्यावरचं सगळं मोठं दाखवायचं स्केलिंग १५० टक्के असेल तर १०० एककांचे १५० पिक्सेल होतात. त्यामुळे ८०० एकक रुंदीची खिडकी १३६६ पिक्सेलच्या लॅपटॉपवर १२०० पिक्सेल व्यापते. सचिवांच्या संगणकावर न्यायच्या आधी या स्केलिंगवर एकदा चालवून बघा. तिथे डेस्कटॉप रनटाइम (प्रोग्रॅम चालायला लागणारा डॉटनेटचा भाग) नसेल तर 'सेल्फ कंटेन्ड' पद्धतीने पब्लिश करा. फोल्डर बराच मोठा होतो, पण तिथे वेगळं काही बसवावं लागत नाही.