नान्नजपर्यंत सायकल, हिप्परग्यात वल्हं: निधी उभारणीची तयारी

नान्नजच्या माळढोक अभयारण्यासाठी निधी उभारायला सायकल फेरी आणि कयाकिंग (छोट्या होडीतून वल्हवणं) ठेवायचं असेल, तर आधी तारीख ठरवा. सोलापूरच्या उन्हात एप्रिल-मे म्हणजे विषयच नको. डिसेंबर-जानेवारीच काय ते. त्यातही संक्रांतीचा आठवडा टाळा. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरलेली असते, निम्मे स्वयंसेवक नंदीध्वजांच्या मागे आणि पोलीस बंदोबस्तात.

मग पैशाचं बघा, सायकलींचं नंतर. वर्गणी काढणारी तुमची नोंदणीकृत संस्था नसेल, तर गणेश मंडळं घेतात तशी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्या. प्राप्तिकरात सवलतीसाठी 80जी ची पावती मागणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा: 2000 रुपयांवरची देणगी रोख दिली तर सवलत मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत तर ती मुळातच नाही.

पैसे कशाला वापरणार, हे फलक छापण्याआधी ठरलेलं असू द्या. 'जंगल वाचवा' म्हटलं की कुणीतरी रोपं आणायला धावतंच. पण 1979 सालच्या माळढोक अभयारण्यातलं आपलं नान्नजचं रान म्हणजे गवताचा माळ. माळढोक, काळवीट, धाविक पक्षी यांना लांबवर दिसणारी मोकळी जमीन लागते. तिथे गिरिपुष्पाच्या झाडांच्या रांगा उभ्या करणं म्हणजे त्यांचं घर मोडणं. त्यामुळे फलकावर रोपटं नको, गवत छापा. जाळरेषांची (वणवा अडवायला गवत काढून ठेवलेल्या पट्ट्यांची) मजुरी, उन्हाळ्यात पाणवठ्याला टँकर, असं नेमकं काय हवंय ते वनविभागालाच विचारा. अभयारण्यात शिरायला त्यांची परवानगी लागते. मी तर म्हणेन, पन्नास सायकली घेऊन आत जाऊच नका. बार्शी रस्त्याने नान्नज गावापर्यंत जाऊन परत फिरा.

हा रस्ता तसा सोपा, पण हंगाम उसाचा. ट्रॉलीला मागे दिवा असेलच याचा भरवसा नाही, म्हणून पूर्ण उजाडल्याशिवाय निघू नका. हेल्मेट नसलेल्याला नाव नोंदवलं असलं तरी थांबवा. पंक्चर होणार हे धरून चाला, कारण कच्च्या कडेला सराटे पसरलेले असतात. नुसती ट्यूब बदलून भागत नाही. टायर उलटा करून आतून कापसाचा बोळा फिरवा; कापसाचा तंतू अडकला की तिथे काट्याचं टोक आहे. बोटाने चाचपू नका. चिमट्याने काढा, नाहीतर दोन किलोमीटरवर नवी ट्यूबही पंक्चर होते. वाटेत केळी आणि चिक्की द्या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी परत आल्यावर, आधी दिली तर तहानेने जीव जाईल.

कयाकिंगसाठी हिप्परगा तलाव. तिथे जलसंपदा विभागाशी बोला, आणि तितकंच महत्त्वाचं म्हणजे मच्छीमारांशी. जाळी कुठे लावलीत हे त्यांनाच ठाऊक. वल्हं जाळ्यात गुरफटलं की कयाक कलंडतेच, वर त्या माणसाचं नुकसान. त्यांच्यातल्याच दोघांना दिवसाची मजुरी देऊन बचावाच्या होडीवर बसवा. लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे काठावरच आवळा, मग खांद्याला धरून वर ओढून बघा. हनुवटीच्या वर सरकलं तर माप चुकलंय. पोहता येणाऱ्यालाही सूट नाही. हिवाळी पाहुणे पक्षी उथळ पाण्यात बसतात, त्या बाजूला दोरी बांधून रस्ता बंद करा.

काठावर एक वही आणि एकच माणूस ठेवा. पाण्यात जाताना सही, बाहेर आल्यावर सही. फोटोसाठी त्याला कुणी बोलावलं तरी वही सोडून उठायचं नाही.