आधी छेद बघा, मग नंबर

‘शिक्षणात भारत अमुक नंबरावर’ अशी बातमी आली की आमच्या सकाळच्या कट्ट्यावर दोन तट पडतात. मी दोघांनाही एकच विचारतो: छेद काय धरलाय? मी तालुक्याच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचो, आणि उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणाची माहिती भरायचं कामही बरीच वर्षं माझ्याच गळ्यात होतं. त्यामुळे अंश कसा तयार होतो ते जवळून पाहिलंय. पण घोळ बहुतेक वेळा छेदात असतो.

याच सर्वेक्षणातला ‘सकल पटनोंदणी दर’ घ्या. कॉलेजात शिकणाऱ्या सगळ्यांना, मग वय काहीही असो, १८ ते २३ वयाच्या लोकसंख्येने भागायचं आणि शंभराने गुणायचं. २०२१-२२ साली विद्यार्थी होते ४.३३ कोटी आणि दर आला २८.४. म्हणजे छेद सुमारे सव्वापंधरा कोटींचा. आता युनेस्को बारावीनंतरची पाचच वर्षं धरते, आपण सहा. प्रत्येक वयाची मुलं साधारण सारखी मानून छेदाचा सहावा हिस्सा काढून टाका. तीच मुलं, तीच कॉलेजं, आणि दर चौतिसाच्या आसपास. म्हणून एका देशाचा आकडा सरकारी अहवालातून आणि दुसऱ्याचा युनेस्कोच्या तक्त्यातून उचलून शेजारी ठेवू नका.

गंमत म्हणजे एकाच देशाचे दोन अहवालसुद्धा जुळत नाहीत. २०१९-२० चा दर आधी २७.१ छापला होता. पुढच्या अहवालात त्याच वर्षाचा दर २५.६ झाला. विद्यार्थी कुठे पळाले नव्हते. लोकसंख्येचा अंदाज २००१ च्या जनगणनेऐवजी २०११ च्या जनगणनेवरून काढला, एवढंच. जुना अहवाल हाताशी असेल तर ‘दर घसरला’ म्हणून ओरडण्याआधी तळटीप वाचा.

चाचणीचे गुण असतील तर विचारा, परीक्षेला बसलं कोण? ‘पिसा’ ही आंतरराष्ट्रीय चाचणी पंधरा वर्षांच्या मुलांची, पण शाळेत असलेल्या आणि निदान सातवीपर्यंत पोचलेल्या. २०१५ साली व्हिएतनामच्या त्या वयाच्या जवळपास निम्म्या मुलांपर्यंत ती पोचलीच नव्हती. २०१८ साली पहिला आलेला ‘चीन’ म्हणजे बीजिंग, शांघाय, जिआंग्सू आणि झेजिआंग. आपल्याकडून २००९ च्या फेरीत तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश बसले आणि जवळजवळ तळाला गेले. त्यावर ‘भारत नापास’ म्हणणं जितकं चूक, तितकंच ‘चीन पहिला’ म्हणणंही. याउलट आपल्याकडच्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीवाले मुलाच्या घरी जाऊन त्याला दुसरीचा उतारा वाचायला लावतात, त्यामुळे शाळा सोडलेलं पोरही मोजलं जातं. पण ते फक्त खेड्यांत जातात.

संशोधनाचा खर्च जीडीपीच्या टक्क्यांत सांगतात. २०१०-११ साली आपण सुमारे ६० हजार कोटी रुपये खर्चले, २०२०-२१ साली सुमारे १ लाख २७ हजार कोटी. दुपटीच्या वर. टक्केवारी मात्र घसरून ०.६४ वर आली, कारण खालची जीडीपी त्याहून जास्त फुगली. मंत्री रुपये सांगतात, विरोधक टक्के सांगतात. दोघंही खरं बोलतात.

‘दहा लाखांमागे संशोधक’ हा आकडा बघताना डोकी मोजलीत की पूर्णवेळाच्या हिशेबाने, ते तपासा. हे नियम १९६३ पासूनच्या फ्रास्काटी मॅन्युअलमधून, म्हणजे संशोधन कसं मोजायचं याच्या आंतरराष्ट्रीय नियमपुस्तिकेतून येतात. पाच दिवसांतला एक दिवस संशोधन करणारा प्राध्यापक त्या हिशेबात ०.२ संशोधक. आमच्या स्टाफरूममध्ये हे सांगितलं तेव्हा रसायनशास्त्राचे सर म्हणाले, “मग पेपर तपासणीच्या महिन्यात मी उणे आहे.”

शोधनिबंधांचं तर विचारूच नका. २०१५ साली हिग्ज कणाच्या वस्तुमानावर एक निबंध आला: ३३ पानं, त्यातली २४ लेखकांच्या आणि संस्थांच्या नावांची, लेखक ५,१५४. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची माणसंही त्यामागच्या एका प्रयोगात आहेत. पूर्ण मोजणीत तो निबंध भारताच्या खात्यात एक, अमेरिकेच्या खात्यात एक, असा प्रत्येक देशाला एकेक मिळतो. अपूर्णांक मोजणीत लेखकांच्या प्रमाणात वाटला जातो. पद्धत बदलली की बाहेरच्यांबरोबर जास्त काम करणाऱ्या छोट्या देशांचे नंबर धडाधड खाली येतात. शिवाय मोजणी स्कोपससारख्या शोधनिबंधांच्या सूचीतून होते, आणि तिथे नियतकालिकाला निदान शीर्षक आणि गोषवारा इंग्रजीत द्यावाच लागतो. मोडी लिपीतल्या जुन्या कागदांच्या रुमालांत, म्हणजे गठ्ठ्यांत, वीस वर्षं घालवून मराठीत लिहिणारा माणूस देशाच्या आकड्यात बहुधा शून्यच असतो.

नंबर सर्वांत शेवटी बघा, आणि तोही गुणांसकट. दोन देशांत चार गुणांचा फरक आणि मोजणीतली चूकही तेवढीच असेल, तर पाच पायऱ्या चढलो की उतरलो, यावर चहा गार करण्यात अर्थ नाही. आमच्या कट्ट्यावर तो रोज गार होतो.