वेशीवरची बहुभाषिक स्वागतपाटी: या चुका टाळा

मुंब्र्याच्या वेशीवर मराठी, उर्दू आणि इंग्रजीत स्वागताची पाटी लावायची आहे असं धरू. पहिली शंका हमखास येते: उर्दू चालेल का? चालेल. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एप्रिल २०२५ मध्ये निकाल लागला की मराठीसोबत उर्दू लिहायला कायद्याची आडकाठी नाही.

चुका होतात त्या मजकुरात. इंग्रजीत गावाचं नाव तसंच राहतं, मराठीत त्याचं सामान्यरूप होतं. 'मुंब्रा मध्ये आपले स्वागत' हे कानाला खटकतं, 'मुंब्र्यात' हवं. मी तर नाव वरच्या ओळीत मोठ्ठं 'मुंब्रा' असंच घेईन आणि खाली 'आपले स्वागत आहे'. लांबून नाव ओळखू येतं, आणि 'ब्र्य' फुटायची भीतीही उरत नाही. 'आपले'मधला ल मराठी वळणाचा आहे ना, तेही बघा. बरेच फॉन्ट हिंदी वळणाचा ल देतात.

ज्याला ती भाषा वाचता येते, त्याने पाहिल्याशिवाय काहीही छापायला देऊ नका. वेल्समधल्या स्वॉन्झीत २००८ मध्ये रस्त्याच्या पाटीवर वेल्श भाषांतर म्हणून चक्क भाषांतरकाराचा 'मी सध्या कार्यालयात नाही' हा ईमेलचा आपोआप गेलेला निरोप छापला गेला होता.

उर्दू अक्षरं सुटी सुटी, उलट्या क्रमाने दिसतायत? सॉफ्टवेअरमध्ये उजवीकडून लिहिण्याची सोय चालू नाही. ती चालू करा, वाचून घ्या, मगच कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं नुसत्या रेषांच्या चित्रात रूपांतर करून, फाइल पाठवा. कर्व्ह झाल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही.

सगळ्या लिप्यांना एकच पॉइंट साइज देऊ नका. वर-खाली मात्रा-उकारांना जागा गेली की देवनागरी बारीक दिसते. डोळ्यांनी जुळवा.

कापीव ॲक्रिलिक अक्षरं असतील तर सगळ्यात जास्त जपायचं ते टिंबांना. 'मुंब्रा'वरचा अनुस्वार हा वेगळा तुकडा. तो पडला की 'मुब्रा'. उर्दूत 'खुश-आमदीद' (म्हणजे स्वागत) लिहिताना सहा नुक्ते, म्हणजे टिंबं, लागतात आणि ते हलले तर अक्षरच बदलतं. नुसत्या गोंदावर विसंबू नका, प्रत्येक टिंबाला मागून खिळी द्या. तुकड्यांच्या पाठीवर उजवीकडून एक, दोन, तीन असे आकडे घाला, कारण पाटी चढवणाऱ्याला उर्दू येत असेलच असं नाही.